श्रोता पालक

पालकसभेला जेमतेम सात माणसं आली, आणि त्यांतली दोन शाळेत पंखा आहे म्हणून आली होती. मुख्याध्यापिका मालतीबाईंना त्याचं विशेष वाटलं नाही. कुठल्याही गोष्टीचा शेवट वाईटच होणार असं त्या पहिल्यापासून धरून चालत, आणि शेवट बहुधा तसाच होत असल्याने स्वभाव बदलायला त्यांना कधी कारण मिळालं नव्हतं. सुरतेतल्या भेस्तानच्या त्या गल्लीत एका अंगाला लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खाती होती, दुसऱ्या अंगाला रंगाच्या पिंपांचं गोदाम होतं आणि मधे ही मराठी शाळा होती. आत मराठी शिकवतात हे गल्लीतल्याही बऱ्याच जणांना माहीत नव्हतं.

"सहावी ते आठवीचे वर्ग बंद व्हायच्या बेतात आहेत," मालतीबाईंनी सुरुवात केली. "आपल्या मुलांना वाचता येत नाही असं वरच्या कार्यालयाचं म्हणणं आहे. ते खरं आहे. दिवाळीनंतर साहेब येतील, मुलांकडून वाचून घेतील. वाचलं तर वर्ग राहतील, नाही वाचलं तर मुलं हायवेच्या पलीकडच्या शाळेत जातील. मला काही आशा नाही. चहा केलाय, पिऊन जा."

दुसऱ्या बाकावर छगन बसला होता. त्याची मुलगी योगिता सहावीत होती. हायवे ओलांडून पोर शाळेत पाठवणार नाही, असं त्याच्या बायकोने, सरलाबाईने, आधीच बजावून ठेवलं होतं. वर्ग बंद झाले की योगिताची रवानगी गावी, खानदेशात पारोळ्याकडे, आजीपाशी. एकुलती एक पोर. छगनला ती जायला नको होती, पण हे तो घरात कुणाला बोलला नव्हता, कारण मग सरलाबाईने त्याला विचारलं असतं, "मंग हायवेवर तुम्ही सोडाले जाशात का?" आणि त्या वेळी तो रात्रपाळी करून मेल्यासारखा झोपलेला असे.

तेवढ्यात सुशांत सर उभे राहिले. ते नवे होते, तरुण होते आणि नुकतेच एका प्रशिक्षणाहून परतले होते, त्यामुळे त्यांच्या अंगात उत्साह मावत नव्हता. वडील रेल्वेत होते, बालपण उधन्याच्या क्वार्टरमध्ये गेलं होतं. लूमचं खातं त्यांनी आयुष्यात बाहेरूनच पाहिलं होतं.

"समाजाने शाळेला हात दिला तर काहीही होऊ शकतं!" ते म्हणाले. "मुलांना वाचायचा सराव नाही, कारण घरी त्यांचं वाचन कुणी ऐकत नाही. तुमची रात्रपाळी असते. रोज संध्याकाळी पाळीला जायच्या आधी अर्धा तास इथं या. मूल वाचेल, तुम्ही ऐकायचं. तुम्हाला स्वतःला वाचता आलं पाहिजे असंही नाही. फक्त ऐकायचं. आपण याला नाव देऊ, श्रोता पालक!"

सातही जण एकमेकांकडे बघू लागले. वर्षानुवर्षं लूमच्या खडखडाटात उभं राहून त्या सातांच्या कानांत आता फारसं काही उरलेलं नव्हतं. जगातलं दुसरं कुठलंही काम सांगितलं असतं, भिंत रंगवा, पाण्याची टाकी धुवा, तर ते एका पायावर तयार झाले असते. पण दुसऱ्याचे कान गेलेत हे गल्लीत प्रत्येकाला ठाऊक होतं आणि स्वतःचे गेलेत हे कुणी कबूल करत नव्हतं. त्यातून समोर बाईमाणूस, तीही मुख्याध्यापिका.

पालक मंडळाचे अध्यक्ष निंबाभाऊ खिडकीतून बाहेर बघत होते. सगळे आपल्याकडे बघतायत असं लक्षात आल्यावर त्यांनी गडबडीने हात वर केला आणि म्हणाले, "मंजूर!"

मग बाकीच्यांनीही हात वर केले.

घरी सरलाबाई साडीवर डायमंड, म्हणजे चमकीचे खडे, चिकटवत बसली होती. सगळ्या गल्लीतल्या बायका तेच करत. छगनने बातमी सांगितली तेव्हा तिने गोंदाची नळी खाली ठेवली, त्याच्या समोर तोंड आणलं आणि ओठ मोठे करून म्हणाली, "तुम्ही? ऐकशात?"

"त्यात काय शे?" छगन म्हणाला. "मान हालवनी. बस."

सरलाबाईने नळी पुन्हा उचलली. लग्न झाल्यापासून तो तिच्याही बोलण्यावर मानच हलवत आला होता, तेव्हा अनुभव दांडगा होता हे तिला नाकारता येईना.

दुसऱ्या दिवसापासून योजना सुरू झाली. व्हरांड्यात बापलेकांच्या जोड्या समोरासमोर बसल्या. आपला बाप किती ऐकतो हे पोरांना घरचंच माहीत असल्यामुळे त्यांनी घरच्यासारखाच आवाज लावला. एकाच वेळी कुणी राजाची गोष्ट ओरडत होतं, कुणी पाण्याचं महत्त्व. गोदामवाले काका हात जोडत आले. "बेन, छोकरांओने कहो ने, धीमे वांचे. मारो फोन पण संभळातो नथी." फोनवर समोरचा काय बोलतो तेही त्यांना ऐकू येईना.

सुशांत सर मात्र हरखून गेले होते. कारण बाप! बाप पोरांच्या तोंडावरची नजर हलवत नव्हते. खात्यात लूम चालू असताना कानाचा काही उपयोग नसतो, तिथे माणसं ओठ बघून बोलणं ओळखतात आणि बाकीचं हाताच्या खुणांनी भागवतात. तार तुटली, धाग्याचं बीम संपलं, शेठ आला, चहा आला, सगळ्याला खूण असते. तीच सवय इथे चालू झाली होती. पण सरांना हे कोण सांगणार? त्यांनी फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'एवढ्या एकाग्रतेने ऐकणारे पालक मी अजून पाहिलेले नाहीत.'

"हे टिकणार नाही," मालतीबाई म्हणाल्या, आणि गोदामवाल्यांच्या तक्रारीवरून त्यांनी वर्गावर्गात सूचना दिली की हळू वाचा.

मुलांनी आवाज कमी केला. बाप पूर्वीसारखेच मान हलवत राहिले. मुलांनी आणखी कमी केला, तरी माना हलतच होत्या. मग एके दिवशी योगिताने आवाज पूर्णच बंद केला आणि नुसते ओठ हलवून पाहिले. छगनची मान त्याच तालात वरखाली होत होती. शेजारी त्या सातांतल्याच पोपटचा मुलगा कुंदन बसला होता, त्याने हे पाहिलं आणि तोही गप्प झाला. असल्या गोष्टी शाळेत शिकवाव्या लागत नाहीत. आठवड्याच्या आत सगळा व्हरांडा शांत झाला. जोड्या समोरासमोर, पुस्तकं उघडी, ओठ हलतायत, माना डोलतायत, आणि आवाज म्हणाल तर फक्त पलीकडच्या लूमचा.

मालतीबाई आपल्या खोलीतून बाहेर आल्या आणि बराच वेळ ते दृश्य बघत उभ्या राहिल्या. नोकरीत पहिल्यांदाच त्यांना शाळेत शांतता लाभली होती.

"मौनवाचन," सुशांत सर हलक्या आवाजात म्हणाले. "पुढची पायरी असते ही, बाई. आपली मुलं आपसूक तिथे पोचली!"

मुलं त्याच्याही पुढे गेली होती. आवाज काढायचा नाही म्हटल्यावर पुस्तकात बघायची तरी काय गरज, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आलं.

छगनला हे कळलं ते असं. योगिताच्या ओठांवर राजा होता, मग प्रधान होता, मग जंगल आलं, आणि एकदम ती म्हणाली, की आईने साडीवरचे डायमंड स्वतः सांडले आणि शेठाणीला मांजराचं नाव सांगितलं. आपल्या घरच्या मांजराची भानगड पुस्तकात कशी छापून आली याचं छगनला क्षणभर नवल वाटलं. सरकारला सगळं कळतं असं लोक म्हणत, पण इतकं? मग त्याने पोरीच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्याला उमगलं.

त्याने तिला तिथल्या तिथे दटावायला हवं होतं. वाच म्हणायला हवं होतं. दिवाळी जवळ आली होती, साहेब येणार होते, आणि पोर गावी जायला नको असेल तर तिला वाचता येण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. हे सगळं त्याला कळत होतं. तरी त्याने दटावलं नाही, कारण त्याला फार बरं वाटलं होतं. घरी योगिता त्याच्याशी ओरडून बोले, आणि ओरडून माणूस कामापुरतंच बोलतो. जेवण झालं का, पाणी आलं, मोबाइल द्या. मांजराची गोष्ट ओरडून कोण सांगणार? इतक्या वर्षांत पोरीने त्याला एवढं लांबलचक काही सांगितलंच नव्हतं.

"मंग? मांजर काय बोलनी?" त्याने ओठांनीच विचारलं.

योगिता हसली, आणि त्या दिवसापासून पुस्तक नावालाच मांडीवर राहिलं. ती मैत्रिणींशी झालेली भांडणं सांगे, सरांच्या चपलेचा अंगठा तुटला ते सांगे, सुरतमध्ये समुद्र आहे म्हणतात तो नक्की कुठे आहे ते विचारे. तिच्या गुजराती मैत्रिणी तिच्या मराठीला हसतात आणि गावी गेलं की चुलत बहिणी तिच्या गुजरातीला हसतात, हेही तिने सांगितलं. छगन कधी ओठांनी, कधी खुणांनी उत्तरं देई. आजूबाजूला सगळीकडे तेच चाललं होतं. पाळीला जाताना बापांचे चेहरे लग्नाहून परतल्यासारखे दिसत. शाळेने समाजाला इतका आनंद पूर्वी कधीच दिला नव्हता. वाचनाचा मात्र पार बोऱ्या वाजला होता.

दिवाळी झाली आणि साहेब आले. निवृत्तीला टेकलेले, थकलेले गृहस्थ होते. उजव्या कानात यंत्र होतं आणि ते लोकांना दिसू नये म्हणून त्यांनी त्या बाजूचे केस वाढवून कानावर ओढून घेतले होते. सुशांत सरांनी समाजाच्या सहकार्याचा पुरावा म्हणून श्रोता पालकांना वर्गाच्या मागच्या भिंतीशी उभं केलं होतं. साहेब त्यांच्याकडे पाठ करून खुर्चीवर बसले, समोर मुलं.

"चालो, वाचा कुणीतरी. मोठ्याने हं, मोठ्याने," साहेब म्हणाले.

सरांनी मोठ्या अभिमानाने योगिताला उभं केलं. तिचे वडील सगळ्यांत एकाग्र, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. योगिता पुस्तक उघडून उभी राहिली. घामाने तिचं कपाळ चमकत होतं. तिने ओठ उघडले. आवाज आला नाही.

साहेबांनी मान तिरकी केली. योगिताचे ओठ हलतच होते. साहेबांनी डोकं खाजवल्यासारखं करून केसांखाली बोट घातलं आणि यंत्राचा आवाज वाढवला. काही नाही. मग आणखी वाढवला. नेमकी त्याच वेळी बाहेर शाळेची घंटा झाली आणि साहेब खुर्चीतून वीतभर उडाले. घाईघाईने त्यांनी यंत्र पार बंदच केलं आणि रुमालाने तोंड पुसत बसले.

सुशांत सर पुढे व्हायला निघाले होते. त्यांना वाटलं होतं, पोर घाबरली, तिला धीर द्यावा. पण मालतीबाईंनी त्यांचं मनगट धरलं. साहेबांचा हात त्यांनी केसांखाली पाहिला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आशा वाटू लागली होती.

"गप्प उभे राहा," त्या पुटपुटल्या.

"पण बाई, ती..."

"ती वाचते आहे."

मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या माणसांना मात्र योगिता काय म्हणते आहे ते स्पष्ट कळत होतं. साहेबांच्या खांद्यावरून ती सरळ छगनकडे बघत होती.

"पप्पा, माले वाचता येत नही," तिचे ओठ म्हणत होते. "एक ओळ बी येत नही. आते काय करू?"

निंबाभाऊंनी मान खाली घातली. पोपट भिंतीवरचा नकाशा बघू लागला. छगनला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. बोलावं, तर वर्ग बंद आणि पोर पारोळ्याच्या गाडीत. न बोलावं, तर पोर इथेच, पण ही अशी. त्याने छातीपाशी बोट गोल फिरवलं. खात्यात या खुणेचा अर्थ होतो, चालू राहू दे.

योगिता ओठांनीच पुढे म्हणाली, "माले आजीकडे जानं नही. तठे तुम्ही नही. पान उलटू का?"

छगनने मान हलवली. तिने पान उलटलं. झकास उलटलं, अगदी वाचणाऱ्या मुलीसारखं.

पुढे जो जो उभा राहिला त्याने तिचाच कित्ता गिरवला. साहेब प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी शेरा लिहिला, 'वाचनाची तयारी दिसते. पालकांचा सहभाग चांगला. वर्ग तूर्त चालू ठेवावेत. मार्चमध्ये पुन्हा तपासणी.' मालतीबाईंनी तो दोनदा वाचला आणि शिपायाला पेढ्यांसाठी पिटाळलं. सुशांत सरांचा चेहरा मात्र उतरला होता. काहीतरी चुकलंय एवढं त्यांना कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

साहेब निघाले तेव्हा छगन फाटकाशी उभा होता. साहेब त्याच्यापाशी थांबले. इकडेतिकडे पाहिलं, कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं, आणि अजिबात आवाज न काढता, फक्त ओठांनी, सावकाश म्हणाले, "मुलीला आजीकडे पाठवू नका. वाचायला शिकवा. मार्चमध्ये मी आवाज ऐकणार आहे."

 साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दाबला, आणि गाडीत बसले. ते किती वर्षांपासून बहिरे होते कुणास ठाऊक. चांगली बरीच वर्षं असावीत.

छगन परत आत गेला तेव्हा सगळे पेढे खात होते. तो सुशांत सरांसमोर उभा राहिला.

"सर, माले ऐकू येत नही."

"काय?" सर म्हणाले. "थट्टा करता का, छगनभाऊ?"

"थट्टा नही. आमच्यापैकी कोनालेच येत नही. लूमवर कान जातस. पोरं नुसतं तोंड हालवतस."

सुशांत सर पहिलीच्या मुलांच्या बुटक्या बाकावर बसले. त्यांच्या हातात पेढा तसाच राहिला. एवढा मोठा विश्वास इतक्या कमी वेळात मोडलेला छगनने पूर्वी पाहिला नव्हता, आणि त्याला सरांची फार कीव आली.

"मला वाटलंच होतं," मालतीबाई म्हणाल्या. त्यांना अजिबात वाटलं नव्हतं, पण आशेतून बाहेर पडल्यामुळे त्यांना हायसं वाटलेलं दिसलं.

बाहेर आल्यावर निंबाभाऊंनी छगनला धरलं. "तुले येत नसी. आमचं कसाले सांगितलं?"

"मग ऐकणार कोण आता?" आत सर विचारत होते. "इथे दुसरं आहे कोण?"

"यांच्या बायका बहिऱ्या आहेत का?" मालतीबाई वैतागून म्हणाल्या.

हा प्रश्न तोवर कुणालाच पडला नव्हता. सभेला बायका आल्या नव्हत्या, कारण त्या साड्यांवर डायमंड चिकटवत होत्या, आणि ज्या कामात आहेत त्यांना काम कसं सांगायचं, असा सगळ्यांचा समज होता. सुशांत सर दुसऱ्या दिवशी घरोघर हिंडले. सरलाबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हात मोकळा नहीत, सर. कान मोकळाच शेत."

त्या संध्याकाळपासून व्हरांड्यात सतरंजीवर साड्या पसरू लागल्या. बायका डायमंड चिकटवत आणि पोरांना पहिलीच्या पुस्तकापासून वाचायला लावत. वाचणारा अडखळला किंवा मनाचं घुसडायला लागला की नळी थांबे आणि चपराक तयार होई. "परत वाच. हाई पुस्तकमा नही शे." योगिता पहिले काही दिवस रडली. मग एकेक शब्द उलगडायला लागला, मग ओळ. सर मधे बसून चुका दुरुस्त करत. त्यांनी या वेळी फोटो काढला नाही.

छगनला आता यायचं काही कारण नव्हतं. तरी पाळीला निघायच्या आधी तो येई आणि जुन्या जागी, योगिताच्या समोर, भिंतीला टेकून बसे. फरक एवढाच झाला होता की वाचणाऱ्या माणसाला मान खाली घालावी लागते. योगिताचं तोंड पुस्तकात असे. तिचे ओठ त्याला दिसत नसत, आणि ती काय वाचते ते त्याला एका अक्षराने कळत नसे. समोर दिसे तो फक्त भांग आणि ओळीवरून सरकणारं बोट. मांजराचं पुढे काय झालं, कोणत्या मैत्रिणीशी बोलणं पुन्हा सुरू झालं, हे सगळं तिथेच राहिलं होतं. एखाद्या वेळी ती मान वर करील म्हणून तो बघत राही. पण धडे आता मोठे येत होते आणि ती पोर हट्टी होती.

फेब्रुवारीत एकदा तिने अख्खा धडा कुठेही न थांबता वाचून काढला. व्हरांड्यातल्या बायकांनी हातातली कामं थांबवली. सुशांत सर उठून उभे राहिले. मालतीबाईसुद्धा दारात आल्या आणि काही वाईट बोलायला न सुचल्यामुळे परत गेल्या. सरलाबाईने डोळे पुसले, नवऱ्याकडे वळली, आणि ओठ मोठे करून, अभिमानाने म्हणाली, "ऐकलं का? कशी वाचस आपली पोर!"

छगनने योगिताकडे पाहिलं. ती पुढच्या धड्याचं पान काढत होती.

"ऐकलं ना," तो म्हणाला, आणि पाळीची वेळ झाली म्हणून उठला.